बेडकांची मोजणी पावसाळ्यातच हवी

खाणीसाठी पर्यावरण मंजुरी मागितली जाते तेव्हा अभ्यास कसा करायचा याची एक ठरलेली कार्यकक्षा केंद्रीय पर्यावरण मंत्रालय हाती देते. तिच्यात एक अट वर्षानुवर्षे जशीच्या तशी चालत आली आहे. हवा, पाणी, आवाज, माती आणि परिसरातील वनस्पती व प्राणी यांची मूळ माहिती एका ऋतूत गोळा करावी, मात्र तो ऋतू पावसाळा नसावा. मार्च ते मे, ऑक्टोबर ते डिसेंबर किंवा डिसेंबर ते फेब्रुवारी, यांतले कोणतेही तीन महिने चालतात. हवेतली धूळ मोजायची असेल तर ही अट रास्तच आहे. पावसात धूळ खाली बसते आणि आकडे फसवे निघतात. पण तीच अट बेडकांना लावली की सह्याद्रीतला सगळा अभ्यासच उलटा होतो. इथले बहुतेक उभयचर दिसतात, ओरडतात आणि वीण घालतात ते पावसाच्या चार महिन्यांत. उरलेला काळ ते कातळाच्या फटीत, पाचोळ्याखाली किंवा मातीत काढतात. मार्चमध्ये सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, गेलेल्या माणसाला तापलेला काळा कातळ आणि वाळलेले गवत दिसते, आणि तो प्रामाणिकपणे तेच अहवालात लिहितो. डोंगरातल्या एखाद्या जागेचे काय करायचे हा निर्णय त्या जागेचा पावसाळा पाहिल्याशिवाय होऊ नये, आणि पावसाळ्यात तिथे दुर्मीळ काही सापडले तर ती जागाच, मग ती कितीही लहान असो, राखली जावी, असे माझे म्हणणे आहे. नव्या प्रजातीची बातमी छापून पुढे जाणे आता पुरेसे नाही.

बातम्यांची आपल्याकडे कमतरता नाही. २००३ मध्ये एस. डी. बिजू आणि फ्रँकी बॉस्युट यांनी ‘नेचर’मध्ये जांभळ्या बेडकाचे वर्णन केले. त्याचे सर्वांत जवळचे नातेवाईक थेट सेशेल्स बेटांवर निघाले. भारत आणि सेशेल्स एकाच भूखंडाचे भाग होते त्या काळापासून चालत आलेला हा वंश. हा बेडूक जवळजवळ सगळे वर्ष जमिनीखाली राहतो आणि पावसाच्या तोंडावर विणीसाठी मोजके दिवस बाहेर येतो. त्याचे टॅडपोल शतकापूर्वीच नोंदले गेले होते आणि घाटातल्या आदिवासींना ते चांगले ठाऊक होते. पूर्ण वाढलेला प्राणी मात्र शास्त्राच्या हाती लागायला एकविसावे शतक उजाडावे लागले. २०११ मध्ये नाइट फ्रॉग गटातल्या १२ नव्या प्रजाती जाहीर झाल्या, २०१४ मध्ये नाचऱ्या बेडकांच्या १४, आणि २०१७ मध्ये केरळ-तमिळनाडूच्या डोंगरांतून आणखी ७ नाइट फ्रॉग. या सातांपैकी चार तर अंगठ्याच्या नखावर मावतील एवढे. सातांतले काही अभयारण्यांच्या हद्दीबाहेर, मळ्यांच्या जमिनीवर सापडले, आणि एक अथिरप्पिल्ली धबधब्याजवळ, जिथे जलविद्युत प्रकल्पाचा प्रस्ताव होता. आज पश्चिम घाटात उभयचरांच्या अडीचशेच्या आसपास प्रजाती माहीत आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य जगात दुसरीकडे कुठेच नाहीत.

उष्ण प्रदेशातल्या डोंगरांवरच हे का घडते, याचे एक उत्तर डॅनियल जॅन्झन या जीवशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये मांडले. थंड देशांतल्या प्राण्याला हिवाळा आणि उन्हाळा दोन्ही सोसावे लागतात, त्यामुळे त्याला तापमानाच्या मोठ्या फरकाची सवय असते. उष्ण कटिबंधातल्या डोंगरावर एका उंचीवर वर्षभर हवामान फारसे बदलत नाही, म्हणून तिथला प्राणी त्या ठरावीक पट्ट्यातच रुळतो, आणि समोरची खोल, गरम दरी त्याच्यासाठी समुद्राएवढी रुंद होते. बेडकाची त्वचा ओली राहावी लागते, तो फार लांब जात नाही आणि बहुधा जन्मलेल्या ओढ्याच्या आसपासच वीण घालतो. लाखो वर्षे असे गेले की दोन शेजारच्या डोंगरांवर दोन वेगळ्या प्रजाती तयार होतात. याचा दुसरा अर्थ असा, की वाघाच्या संवर्धनातून शिकलेले हिशेब इथे लागू पडत नाहीत. वाघाला शेकडो चौरस किलोमीटर लागतात आणि एक जंगल गेले तर दुसऱ्यात तो टिकून असतो. एखाद्या बेडकाचे मात्र सगळे जग एका सड्यावर किंवा दोन-तीन ओढ्यांत असू शकते. तो ओढा बुजला की त्या प्रजातीची गोष्ट तिथेच संपते.

महाराष्ट्राला याची उदाहरणे बाहेरून आणावी लागत नाहीत. कोयना धरण उभे राहत असताना, १९६३ मध्ये, त्याच परिसरातून एका छोट्या टोडचे वर्णन झाले. २००९ मध्ये त्याचा एकमेव ज्ञात सख्खा भाऊ आंबोलीत सापडला आणि दोघांसाठी झँथोफ्रायनी हा नवा वंश (जीनस) करावा लागला. आंबोली टोडची नोंद आययूसीएनच्या लाल यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. हा प्राणी जांभ्याच्या उघड्या कातळावर राहतो आणि मोसमाच्या सुरुवातीला, कातळातल्या उथळ खळग्यांत पाणी साचले की तिथे अंडी घालतो. चार दिवस पाऊस दडी मारून बसला तर तो खळगा आटतो आणि पिल्ले मरतात. एवढ्या बारीक वेळापत्रकावर ज्याचे आयुष्य बेतलेले आहे त्याला सड्यावर चढवलेल्या गाड्यांच्या चाकांचा, चिरेखाणीच्या एका टप्प्याचा किंवा खळग्यांत टाकलेल्या भरावाचा धोका किती आहे हे वेगळे सांगायला नको. आंबोलीनेच देवगांडुळाची एक प्रजाती दिली, कोयनेजवळच्या हुंबरळीने दुसरी, रत्नागिरीच्या डोर्ल्याने तिसरी. पाय नसलेला, मातीत राहणारा हा उभयचर पावसाळ्यात ओली माती आणि दगड उलथल्याशिवाय हाती लागत नाही. गांडूळ समजून सोडून दिला जातो, साप समजून मारला जातो, आणि कोरड्या ऋतूतल्या सर्वेक्षणात तो सापडण्याची शक्यता नाहीच.

ज्या प्रजातींना आपण ‘माहीत आहे’ म्हणतो त्यांच्याबद्दल तरी किती माहीत असते? मुंबई-पुण्याच्या माणसाला सुटीत सहज गाठता येतील अशा घाटांतल्या ओढ्यांवर बॉम्बे नाइट फ्रॉग राहतो. १९५५ मध्ये त्याला नाव मिळाले. पक्षिअभ्यासक हुमायून अब्दुलअली यांच्या सन्मानार्थ त्याच्या शास्त्रीय नावात हुमायुनी आहे. साठ वर्षांनंतर, २०१६ मध्ये, त्याच्या मीलनाची पद्धत प्रसिद्ध झाली तेव्हा कळले की तशी पद्धत जगात कुठल्याच बेडकात नोंदलेली नव्हती. नर मादीला मिठी मारत नाही, तो तिच्या पाठीवर येऊन हात बाजूच्या पानावर किंवा फांदीवर टेकवतो. मग बाजूला होतो आणि त्यानंतर मादी अंडी घालते. या प्रजातीत मादीही साद देते, जे बेडकांत विरळ आहे. अंडी ओढ्यावर झुकलेल्या पानांवर असतात आणि पिल्ले खाली पाण्यात पडतात. म्हणजे या बेडकाला नुसते पाणी पुरत नाही, पाण्यावर झुकलेली झाडी लागते. ओढ्याचे ‘सुशोभीकरण’ करून काठ साफ केला, दगडी भिंती बांधल्या, तर ओढा वाहत राहील, पाण्याचा दर्जाही चांगला येईल आणि बेडूक मात्र जातील. प्रजातीचे नाव यादीत असणे आणि ती कशावर जगते हे समजणे यांत साठ वर्षांचे अंतर पडू शकते. ओढ्याचा काठ साफ व्हायला आठवडा पुरतो.

शोध उशिरा लागला की काय होते हे टांझानियाच्या उडझुंग्वा डोंगरांनी जगाला दाखवले आहे. तिथल्या किहान्सी नदीच्या घळईत धबधब्याच्या तुषारांवर जगणारा एक चिमुकला, पिल्लांना थेट जन्म देणारा टोड १९९६ मध्ये सापडला. तेव्हा नदीवरच्या जलविद्युत प्रकल्पाचे काम सुरू झालेले होते. त्याचे सगळे आढळक्षेत्र काही हेक्टरांच्या ओल्या उतारापुरते होते. २००० मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली, घळईतले सुमारे ९० टक्के पाणी वळवले गेले आणि तुषार थांबले. नंतर कृत्रिम फवारे बसवले गेले, संख्या काही काळ सावरलीही. पण २००३ नंतर ती कोसळली, आणि २००९ मध्ये हा टोड नैसर्गिक अधिवासातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. वेळीच अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत नेलेल्या सुमारे ५०० टोडांच्या वंशजांना २०१२ पासून परत सोडले जात आहे. हा प्रयत्न मोलाचा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष दुसराच आहे. प्रकल्पाची आखणी होण्यापूर्वी त्या घळईत उभयचरांचा जाणकार माणूस योग्य वेळी गेला असता तर पाण्याचे वाटप कागदावरच बदलता आले असते. नंतर लागलेला पैसा, परदेशातली पिंजरापैदास, पाइप आणि फवारे हे सगळे त्या एका न झालेल्या सर्वेक्षणाची किंमत म्हणून मोजावे लागले.

आपल्याकडे वन्यजीव कायदा आहेच, मग वेगळे काय हवे, असे विचारले जाते. कायद्याने बेडकाला मारणे, पकडणे, विकणे रोखता येते आणि जिथे धोका माणसाच्या हातातून येतो तिथे ते उपयोगीही पडते. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ मध्ये बंद केली, आणि गोव्यात पावसाळी रात्री मोठ्या बेडकांची शिकार होते तिच्याविरुद्ध वनखाते आजही याच कायद्याने उभे राहते. पण आंबोली टोडला कोणी खात नाही, विकत नाही. त्याचे मरण त्याच्या पायाखालची जमीन बदलण्यात आहे, आणि ती जमीन महसुली दप्तरात बहुधा पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य, म्हणून पडलेली असते. खडकाळ उघड्या जमिनी देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशातही याच न्यायाने मोजल्या जातात. अभयारण्ये आखली गेली ती घनदाट जंगल आणि मोठे प्राणी डोळ्यांसमोर ठेवून. आंबोली-दोडामार्ग पट्ट्यात संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झाले ही चांगली गोष्ट आहे. परंतु वन्यजीव कायद्यानुसार असे राखीव क्षेत्र फक्त सरकारी मालकीच्या जमिनीवर करता येते. कोकणातले कित्येक सडे खासगी आहेत, एकेका सातबाऱ्यावर डझनावारी नावे आहेत.

मार्ग नाही असे मात्र नाही, आणि तो आंबोलीनेच दाखवला आहे. हिरण्यकेशी नदीच्या उगमाजवळ शिस्टुरा हिरण्यकेशी हा नवा मासा २०२० मध्ये सापडला. २०२१ मध्ये राज्य सरकारने तिथली अवघी २.११ हेक्टर जागा जैवविविधता कायद्याखाली जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. शोध आणि संरक्षण यांच्यात वर्षाचेही अंतर पडले नाही, मोठे क्षेत्र लागले नाही, उगमाजवळच्या देवळाचे नित्यकर्म थांबले नाही. माशाला हे मिळू शकते तर त्याच गावातल्या सड्यावरच्या टोडला आणि देवगांडुळाच्या उताराला का नाही? २००२ च्या या कायद्याचे ३७ वे कलम राज्य सरकारला स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून असे स्थळ जाहीर करू देते, आणि ४१ व्या कलमाने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. गावोगावी लोक जैवविविधता नोंदवह्याही तयार झाल्या आहेत. त्यांत बेडकांचे पान पावसाळ्यात भरले जावे, आवाज ध्वनिमुद्रित करून, विणीचे खळगे आणि ओढ्यांचे काठ नकाशावर दाखवून. मंत्रालयाच्या कार्यकक्षेत पश्चिम घाटापुरती एवढी दुरुस्ती पुरे आहे की उभयचरांचे सर्वेक्षण जून ते सप्टेंबर या काळात व्हावे. त्यासाठी संसदेत जायला नको. पवनऊर्जा प्रकल्पांना तर २००६ च्या अधिसूचनेनुसार परिणाम मूल्यांकनच लागत नाही, आणि आंबा-काजूच्या बागेसाठी कातळ फोडायला कोणी विचारत नाही. म्हणून गावच्या नोंदवहीचे महत्त्व आणखी वाढते.

यावर पहिला आक्षेप विलंबाचा. एका पावसाळ्यासाठी वर्षभर थांबायचे काय? ज्या प्रकल्पांचे आयुष्य तीस-चाळीस वर्षांचे असते त्यांच्या आखणीत चार महिने आधीच धरता येतात. अडचण तेव्हाच येते जेव्हा जमीन आधी घेतली जाते आणि अभ्यास नंतर आठवतो. दुसरा आक्षेप शास्त्रज्ञांच्याच वर्तुळातून येतो. जनुकांतल्या किरकोळ फरकांवरून प्रजाती वाढवल्या जात आहेत, उद्या यांतली काही नावे एकमेकांत विलीन होतील, मग त्यांच्या आधारावर जमीन का अडवायची? काही नावे विलीन होतील हे खरे आहे. मात्र आजचे वर्णन केवळ जनुकांवर उभे नसते. साद, अंडी, टॅडपोल, शरीराची मोजमापे आणि आढळक्षेत्र हे सगळे जुळावे लागते. शिवाय संरक्षण जागेला दिले तर नाव बदलल्याने काही बिघडत नाही. एका सड्यावरच्या टोडचे नाव उद्या बदलले तरी त्याच सड्यावर देवगांडूळ, कातळावरच्या ओलाव्यात वाढणारे इंडिराना बेडूक आणि कीटकभक्षी वनस्पती असतातच.

तिसरे म्हणणे रोगाचे आहे आणि ते गंभीरपणे घ्यायला हवे. कायट्रिड बुरशीमुळे जगभरात ५०१ उभयचर प्रजातींची घट झाली आणि त्यांतल्या ९० नामशेष झाल्याचे मानले जाते, असा हिशेब २०१९ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. कोस्टा रिकाच्या माँटेव्हर्देचा सोनेरी टोड राखलेल्या जंगलातूनच १९८९ नंतर दिसेनासा झाला. मग जागा राखून उपयोग काय? पश्चिम घाटात ही बुरशी सापडली आहे, पण मध्य अमेरिकेसारखी सामूहिक मरतूक इथे नोंदली गेलेली नाही. बुरशीचे मूळ पूर्व आशियात असल्याचे जनुकीय पुरावे आहेत, तेव्हा आपल्याकडच्या बेडकांनी तिच्याशी काही जुना समझोता केला असण्याची शक्यता संशोधक मांडतात. इथे आज दिसणारा शत्रू जमिनीतला बदल आहे आणि त्याच्या मागोमाग हवामान. २०२३ च्या जागतिक पाहणीत तपासलेल्या ८,०११ प्रजातींपैकी ४०.७ टक्के धोक्यात निघाल्या. २००४ नंतर ज्यांची स्थिती बिघडली त्यांत हवामानबदल हे सर्वांत मोठे कारण ठरले. आपला उत्तर सह्याद्री बुटका आहे, कळसूबाईच १,६४६ मीटर. उष्णता वाढली तर वर सरकायला जागा नाही. सड्याच्या माथ्यावरच्या प्राण्याला तर मुळीच नाही. अशा वेळी सावली, ओल, खळगे आणि ओढ्यांची साखळी शाबूत ठेवणे एवढेच माणसाच्या हाती उरते, आणि ते जागेच्याच पातळीवर करता येते.

सर्वांत जड आक्षेप कोकणी शेतकऱ्याचा आहे. कातळ माझा, त्यावर सुरुंग लावून, माती टाकून मी हापूस लावला तर बेडकासाठी मला का अडवता? रत्नागिरी जिल्ह्यातल्या सड्यांवर झालेल्या अलीकडच्या अभ्यासात उभयचरांची विविधता भातशेतीत सर्वांत कमी आणि एकूण संख्या बागांमध्ये सर्वांत कमी आढळली. सर्वत्र राहणारे बेडूक भाताच्या पाण्यात वाढतात, सड्यापुरतेच असलेले मागे पडतात. म्हणजे बाग आणि टोड दोघेही सुखाने नांदतील असे खोटे आश्वासन मी देणार नाही. सड्यावर मुरलेले पाणी खालच्या झऱ्यांना आणि विहिरींना पोचते, बेडूक कीटक खातात, आणि कोस्टा रिका-पनामात बेडूक संपल्यावर मलेरियाचे रुग्ण वाढल्याचा संबंध संशोधकांनी दाखवला आहे, ही कारणे खरी आहेत. तरी त्या सगळ्यांचा लाभ गावाला आणि जगाला मिळतो. बाग न लावल्याचा तोटा एकट्या खातेदाराच्या अंगावर पडतो. सगळे सडे राखायचे नाहीत, पावसाळी सर्वेक्षणात जिथे प्रदेशनिष्ठ प्राण्यांची वीण सापडेल तेवढेच तुकडे राखायचे आहेत, आणि ते बहुधा काही हेक्टरांचे असतील. त्या तुकड्यांच्या मालकांसाठी कायद्यात तरतूद आहे: ३७ व्या कलमाच्या तिसऱ्या उपकलमानुसार वारसा स्थळामुळे आर्थिक झळ पोचणाऱ्यांना भरपाई देण्याची योजना राज्य सरकारने करायची आहे. जुलै २०२४ मध्ये निघालेल्या पश्चिम घाट संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर आहेत. एवढ्या मोठ्या आकड्याची भीती गावागावात बसलेली असताना दोन हेक्टर खळग्यांसाठी दरवर्षी हेक्टरी किती रक्कम मिळेल, ती कोणाच्या खात्यात जमा होईल, सामायिक खातेदारांत कशी वाटली जाईल आणि पारंपरिक चराई, गवतकापणी चालू राहील का, हे लेखी सांगणारी योजना आधी आली पाहिजे. ती घेऊनच सरकारच्या माणसाने सड्याच्या मालकाकडे संमती मागायला जावे.